पहिलवानाची भातुकली

"मामा, मला भांडी पाहिजेत."

शनिवारची सकाळ, साडेआठ. फ्रीलान्सरच्या घड्याळात ही वेळ मुळात नसतेच. डोळे न उघडता मी विचारलं, "कसली भांडी?"

"रस्सा करायची."

पलीकडे आमचे भाचेबुवा होते. घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात. पुढच्या रविवारी त्याला चार पूर्ण होणार होती आणि गिफ्टची ऑर्डर साहेबांनी मधले एजंट टाळून थेट मामाकडे नोंदवली होती. गेल्या वर्षी जेसीबी, यंदा भांडी. मी 'डन' म्हणून पुन्हा पांघरुणात शिरणार, तेवढ्यात ताईनं फोन घेतला. आवाज एकदम खाली. "तू लगेच काही आणू नकोस. मी आधी आबांशी बोलतो, मग तुला सांगतो."

(बदली होऊन नव्यानं गावात आलेल्या वाचकांसाठी: कोल्हापुरात पोरीही 'बोलतो, सांगतो' म्हणतात. मुद्रणदोष नाही.)

आबा म्हणजे ताईचे सासरे. दादू चौगुलेंच्या जमान्यातले पहिलवान. तरुणपणातली आठ-नऊ वर्षं त्यांनी तालमीच्या लाल मातीत काढलेली. कान अजून तसेच, पिळून वाळत घातल्यासारखे. हॉलमध्ये शाहू महाराजांच्या फोटोशेजारी आबांचा खासबागच्या मैदानातला फोटो आहे. गर्दी एवढी, की फोटोत आबा कुठले ते आबांनाच दाखवावं लागतं. १९१२ साली महाराजांनी बांधून पुरं केलेलं ते मैदान या घरात देवघरानंतरचं दुसरं देवघर. बारक्याला पहिली लंगोट त्याच्या पहिल्या वाढदिवसाला आली होती. अशा घरात आता भांडी मागवली जात होती.

प्रकरण जुनं होतं, ताईनं नंतर सांगितलं. महिन्यापूर्वी शेजारच्या मुलीनं अंगणात भातुकली मांडली होती. आमचा पठ्ठ्या तिथं मांडी घालून बसला आणि मन लावून प्लास्टिकची कढई घासायला लागला. आबा देवळातून आले, बघितलं, आणि त्याला बखोटीला धरून उठवलं. "पोरीचा खेळ खेळतंयस व्हय रं? ऊठ!" पोरगं रडलं नाही. त्यानं फक्त विचारलं, "मग पप्पा का करतात मटण?"

आबांकडे उत्तर नव्हतं. कारण दाजी खरंच करतात. आपल्या गावात कुणाच्या घरी कोण स्वयंपाक करतं हा वेगळा विषय, पण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी मळ्यात रस्सा मंडळ बसलं, की पातेल्याजवळ बाईमाणूस दिसणार नाही. कांदा-खोबरं भाजणारे बाप्ये, वाटणारे बाप्ये, 'मीठ बघ' म्हणून तळहातावर रस्सा घेऊन चाटणारे बाप्ये. दाजी त्या मंडळाचे हेड कुक आहेत. बँकेत त्यांना जेवढा मान नाही तेवढा तिथं आहे. पळी हातभर लांब असली की चालतं. वीतभर झाली की पोरीचा खेळ. गणित आहे खरं हे असं.

मला हसू आलं, मग आलं नाही. लहानपणी ताई आणि मावसबहिणी उन्हाळ्याच्या सुट्टीत जिन्याखाली भातुकली मांडायच्या. पितळेची चूल, तवा, पोळपाट-लाटणं, इवलंसं जातं, सोऱ्या, ताक घुसळायची रवी, सगळं आजीच्या माहेरचं. मला त्या खेळात एकच रोल होता. बाबा. म्हणजे जिन्यावरून खाली यायचं, "ऑफिसला फार काम होतं" म्हणायचं, चुरमुरे खायचे आणि परत जायचं. आज अठ्ठाविसाव्या वर्षी मला चहा येतो, मॅगी येते आणि पार्सलवाल्याला पत्ता नीट सांगता येतो. जिन्याखाली जेवढं शिकलो तेवढंच.

तर मी ताईचं ऐकलं नाही. भांडी घ्यायची ठरवली.

पहिला स्टॉप एक चकाचक टॉय शॉप. एसी, बलून, दारात माणसाएवढं अस्वल. किचन सेट कुठे म्हटल्यावर सेल्समन मला गुलाबी भिंतीपाशी घेऊन गेला. तिथं गॅस होता, बटण दाबलं की बर्नर लाल व्हायचा आणि फोडणीचा आवाज यायचा. ओव्हन, सिंक, नळाला खरंच पाणी, पिझ्झ्याचे स्लाइस, बर्गर, डोनट. किंमत २,९९९. खोक्यावर तीन गोऱ्या मुली हसत होत्या.

"मुलगी किती वर्षांची सर?"

"मुलगा आहे. चार."

त्याचा चेहरा असा झाला की मीच काहीतरी चुकीच्या सेक्शनमध्ये शिरलोय. "मग सर, जेसीबी बघता का?"

खोक्याच्या मागच्या बाजूला छापलं होतं की या खेळण्यानं मुलांची बुद्धी वाढते, भाषा वाढते, कल्पकता वाढते, सामाजिक कौशल्यं वाढतात. मास कॉमला असताना आमच्या सरांनी एक सवय लावली होती, 'असं कोण म्हणतंय?' हे विचारायची. त्या सवयीनं नोकरी मिळाली नाही, पण खरेदीत ती उपयोगी पडते. मी खोकं खाली ठेवलं आणि घरी येऊन दोन रात्री वाचत बसलो.

सापडलं ते खोक्यावरच्यापेक्षा इंटरेस्टिंग होतं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'सायकॉलॉजिकल बुलेटिन' या नियतकालिकात एक मोठा आढावा छापला. लुटुपुटीच्या खेळांनी मुलं हुशार होतात असं सांगणारे तोवरचे सगळे अभ्यास त्यांनी तपासले. निष्कर्ष? बुद्धी आणि कल्पकता या खेळामुळेच वाढते, असं छातीठोक म्हणण्याइतका पुरावा नाही. भाषा, गोष्ट सांगणं, स्वतःवर ताबा ठेवणं यांच्याशी या खेळाचा संबंध दिसतो. पण तो खेळामुळे, की खेळताना शेजारी बसून बोलणाऱ्या माणसांमुळे, की आणखी कशामुळे, हे नक्की होत नाही. म्हणजे २,९९९ रुपयांत बुद्धी मिळेल याची गॅरंटी नाही. बर्नर लाल होईल, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, मग भातुकली फुकटच का? तसंही नाही. या खेळात मूल काय करतं ते बारकाईनं बघणारी माणसं आहेत आणि त्यांनी जे बघितलंय ते भारी आहे. अॅलन लेस्ली नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा एक साधा प्रयोग आहे. दोन रिकामे कप घ्यायचे. रिकाम्या किटलीतून दोन्हीत खोटाखोटा चहा ओतायचा. मग एक कप उचलून उलटा करायचा, झटकायचा आणि परत ठेवायचा. आता मुलाला विचारायचं, रिकामा कुठला? खरं तर दोन्ही रिकामे. पण दोन-तीन वर्षांचं पोर न चुकता उलट्या केलेल्या कपाकडे बोट दाखवतं. त्याच्या डोक्यात एकाच वेळी दोन हिशोब चालू असतात: खरा, ज्यात चहाच नाही, आणि खेळातला, ज्यात एक कप भरलेला आहे. आणि दोन्हींची गल्लत होत नाही. लेस्लीचं म्हणणं, १९८७ सालच्या निबंधात त्यानं हे मांडलं, की समोरच्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही चालू असू शकतं हे कळायला जी ताकद लागते, तिची सुरुवात इथे आहे. आमच्या एका माजी बॉसला ही ताकद चाळिशीतही आलेली नव्हती, ते सोडा.

रविवारी सकाळी मी महाद्वार रोडला गेलो. अंबाबाईच्या देवळाच्या आसपास फिरलात तर बांगड्या, कुंकू, प्रसादाचे पेढे यांच्या मधेमधे भातुकली दिसतेच. स्टीलची, पितळेची, लाकडाची. पोळपाट-लाटणं, परात, झारा, उलथनं, किसणी, डबे, कळशी. दुकानातल्या मावशींनी 'मुलगी का मुलगा' विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तीनच्या आतलं हाय का वरचं? आतलं असलं तर बारीक वस्तू काढून ठेवतो. तोंडात घालत्यात." सेल्समनला एवढं सुचलं नव्हतं. (प्लास्टिकचं घेणार असाल तर खोक्यावर आयएसआयचा शिक्का बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. कडा बोटानं चाचपून बघा, हे माझं.) मातीची चूल आणि चार बोळकी कुंभार गल्लीत मिळाली. भाजी मात्र माझ्याकडे आधीच होती. दोन वर्षांपूर्वी आंबोलीवरून सावंतवाडीला उतरलो होतो, तेव्हा चितार आळीतून लाकडी फळं-भाज्यांचा सेट घेतला होता. हातानं रंगवलेली वांगी, मिरच्या, सीताफळ. इतके दिवस माझ्या टेबलावर 'डेकॉर' म्हणून पडला होता. सगळं मिळून पाचशेच्या आत.

पार्टी चार वाजता होती. मी बाराला गेलो. खोकी उघडली. बारक्यानं चूल बघितली, तवा बघितला, आणि एकही प्रश्न न विचारता कामाला लागला.

हे पुढचं सगळं मी वहीत लिहून घेतलंय, कारण सांगून खरं वाटणार नाही.

त्यानं आधी मोबाइल मागितला. मी म्हटलं, आता खेळ ना, मोबाइल कशाला. त्यानं माझ्याकडे कीव करून बघितलं आणि सावंतवाडीचं वांगं उचलून खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलं. एका हातानं पातेलं ढवळत म्हणाला, "हां सर. हां सर. पाठवतो सर. आज रविवार आहे सर." दारात उभे असलेले दाजी आल्या पावली आत गेले. मग साहेबांनी फोन ठेवला, ताईच्या आवाजात "अरे देवा, खोबरं संपलं" म्हणाले आणि ऑर्डर दिली. माझ्याकडे बोट करून, "मामा, तू डिलिव्हरीवाला." मी बेल वाजवली. आतून आवाज आला, "ओटीपी सांगा."

मी म्हटलं, "ओटीपी तू मला सांगायचा असतो."

त्यानं विचार केला. "चार दोन सात... आणि अजून एक चार."

एवढ्या दहा मिनिटांत त्यानं तीन माणसांचे आवाज काढले, एका वांग्याचा फोन केला, 'संपलं' आणि 'मागवलं' यातला क्रम बरोबर लावला आणि चार आकडे ओळीत म्हटले. कुणी शिकवलं नव्हतं. आपण घरात कसे वागतो याची सीसीटीव्ही रेकॉर्डिंग तो आपल्यालाच लावून दाखवत होता. ताई दाराआडून बघत होती. 'अरे देवा, खोबरं संपलं' वर ती हसली. 'आज रविवार आहे सर' वर हसली नाही.

मग मी लेस्लीचा प्रयोग केला, कोल्हापुरी करून. दोन बोळकी. दोन्हीत पळीनं तांबडा रस्सा वाढला. एक उलटं केलं, झटकलं. "बारक्या, कुठलं रिकामं?"

त्यानं उलट्या केलेल्याकडे बोट केलं. आणि चिडला. "सांडलास की! पुस आता." मला फडकं आणायला पाठवलं. कोरडी ठक्क फरशी मी पुसली. "तिथं नाही, तिथं अजून तिखट आहे."

सगळ्यात भारी गोष्ट शेंगदाण्यांची झाली. ताईनं वाटीभर भाजलेले शेंगदाणे दिले होते. ते मटणाचे पीस. शेंगदाणा म्हणजे या पोराचा जीव की प्राण, एरवी वाटी दोन मिनिटांत साफ. आज वाटी समोर, वास येतोय, आणि हा खाईना. मी एक उचलला तर हातावर फटका. "कच्चं आहे." पाच मिनिटांनी पुन्हा उचलला. "आधी पाहुणे." पाहुण्यांची, म्हणजे एक जेसीबी, एक अस्वल आणि शेजारच्या मुलीची पाटावर मांडलेली बाहुली, यांची पानं वाढून झाली. प्रत्येकाला चार-चार. अस्वलाला पाच गेले तर एक परत काढून घेतला. पंचवीस मिनिटं त्यानं स्वतः एकही दाणा तोंडात टाकला नाही.

लेव वायगॉत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ साली लेनिनग्राडमध्ये खेळावर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात नेमकं असंच उदाहरण आहे: खेळात गोळीला 'ही खायची नाही' असं ठरवलं, की मूल समोरची गोड गोळीसुद्धा खात नाही. आईबापांनी दहा वेळा नाही म्हणून जे होत नाही, ते खेळाचा नियम म्हणून मूल आपण होऊन पाळतं, आणि वर त्यात त्याला मजा येते. व्याख्यानानंतर वर्षभरात, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, वायगॉत्स्की क्षयानं गेला. त्याचं म्हणणं मी वाचलं होतं तेव्हा 'ओके' म्हणून पान उलटलं होतं. शेंगदाण्यांनी भरलेली वाटी बघितली तेव्हा कळलं.

यात एक गोची मात्र आहे, आणि ती लपवणं बरोबर नाही. माँटेसरी हे नाव आपण प्ले-स्कूलच्या पाट्यांवर सर्रास बघतो. पण खुद्द मारिया माँटेसरी खोट्या स्वयंपाकाच्या फारशा बाजूच्या नव्हत्या. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालघर काढलं, तिथं चांगली चांगली खेळणी ठेवली होती, आणि मुलं त्यांच्याकडे ढुंकूनही बघेनात. त्यांना खरं काम हवं होतं: खरं पाणी ओतणं, खरं टेबल पुसणं, खऱ्या बशा मांडणं. शंभर वर्षांनंतर, २०१८ मध्ये, लिलार्डबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सरळ विचारून बघितलं, की खोटं आवडेल की खरं? बहुतेकांनी खरं निवडलं. चार वर्षांपुढची तर जास्तच.

आपल्याकडे हे कुणी ओळखलं असेल तर ताराबाई मोडकांनी. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली. माँटेसरीची साधनं महाग, ती तिथं परवडणार नव्हती. मग शिंपले, बिया, गारगोट्या, पानं हीच साधनं झाली. मूल बालवाडीत येत नाही म्हटल्यावर बालवाडीच त्याच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' तिथली. सरकारनं १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा देशभर तोच शब्द गेला. आता २०२३ मध्ये केंद्राचा 'जादुई पिटारा' आला, तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, बाहुल्या, कोडी यांची पेटी. छान आहे. पण लीलाताई पाटलांनी १९८५ साली ज्या गावात 'सृजन आनंद विद्यालय' काढलं, त्या गावाला खेळता खेळता शिकणं ही बातमी म्हणून सांगायला मला थोडी लाज वाटते.

तर मुद्दा असा, की भांडी खोटी चालतात, पण खरं स्वयंपाकघर दोन पावलांवर हवं आणि तिथलं कुणीतरी हाताला लागायला हवं. आजीच्या भातुकलीत ते आपोआप होतं. इकडे जिन्याखाली खोटी पोळी, तिकडे ओट्यावर खरी. आजी कणकेचा गोळा काढून द्यायची. आता आपल्याकडे किचन मॉड्युलर आहे आणि त्यात मूल आलं की आपण म्हणतो, "बाहेर हो, भाजेल." रविवारी आपण दमलेले असतो, हेही खरं. मला मूल नाही, तेव्हा मी फार बोलू नये. ताई आणि दाजी दोघंही साडेसातला घरी पोचतात.

आबा. आबा हा सगळा वेळ हॉलमध्ये पेपर उघडून बसले होते. पान पंचवीस मिनिटं तेच होतं.

दीडच्या सुमाराला बारक्याचं वाटण अडलं. खलबत्ता होता, पण बत्ता करंगळीएवढा. त्यानं लाकडी मिरची घातली, ती उडून सोफ्याखाली गेली. तिथनं ती आबांच्या पायाशी. पोरगं सरपटत गेलं, मिरची घेतली आणि तोंड वर करून म्हणालं, "आबा, वाटायला येतंय का तुमाला?"

घरात एकदम शांतता. ताई दारात थिजलेली. मी वहीचं पान उगाचच उलटलं.

आबांनी पेपर खाली केला. "मला?" म्हणाले. "मला इचारतंयस?" मग माझ्याकडे वळून, जणू मीच विचारलं होतं, "तालमीत कोण बायका व्हत्या काय वो? सकाळी जोर-बैठका, मग पाळी लावलेली. आज ह्याची, उद्या त्याची. तीस जणांचं मटण करत हुतो मी."

हे ताईला आठ वर्षांत कळलं नव्हतं. दाजींनाही बहुतेक नव्हतं. तेही बाहेर येऊन उभे राहिले.

आबा उठले. कुठून तरी माळ्यावरून त्यांनी थंडाईची दगडी कुंडी काढायला लावली. धुळीनं पांढरी झालेली, वजन असं, की दाजींना दोन्ही हात लागले. ती धुतली. बदाम भिजवायला वेळ नव्हता म्हणून गरम पाण्यात टाकले, आणि बारक्याला समोर बसवून साली काढायला शिकवलं. बदाम दोन बोटांत धरायचा, दाबायचा, सटकतो. पहिले सहा बदाम हॉलभर उडाले. सातवा वाटीत पडला. मग खसखस, बडीशेप, चार मिरे, दोन वेलदोडे. "मोज," आबा म्हणाले. त्यानं मोजले. मिरे पाच मोजले, एक परत ठेवला. मग त्या लाकडी दांड्यावर खाली बारक्याचे दोन हात, वर आबांचे दोन हात, आणि घोटणं सुरू. "मनगटानं न्हाई, खांद्यानं. हां. कुस्ती पण हितनंच असती."

शेजारचे काका वाढदिवसाला म्हणून लवकर आले होते. दारातनंच म्हणाले, "काय आबा, नातवासंगं भातुकली?"

"छ्या! भातुकली कसली," आबा म्हणाले. हात थांबले नाहीत. "थंडाई शिकवालोय. तालमीची."

बारक्यानं काकांकडे बघितलं. "भातुकली पण आहे," म्हणाला, आणि पानावर वाढलेले शेंगदाणे दाखवले. आबा काही बोलले नाहीत.

दूध घातलं, साखर घातली, गाळली. पहिला पेला अस्वलाला ठेवायचा का, यावर थोडा वाद झाला. आबांचं मत होतं की खरी वस्तू खोट्या पाहुण्याला देऊ नये. बारक्याचं मत होतं की पाहुणा तो पाहुणा. तडजोड म्हणून अस्वलाला रिकामा पेला मिळाला, आणि अस्वलाला ते चाललं.

चारला पाहुणे येणार होते. ताईनं कांद्याची परात माझ्यापुढे सरकवली. आबांनी बसल्या जागेवरून विचारलं, "मामा, चिरायला येतंय न्हवं?"

"नाही आबा."

"मग आत्तापतुर काय शिकलासा?"

मी सुरी घेतली. बारक्या माझ्याशेजारी येऊन बसला, मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यावर, अगदी आबांसारखा.

"मामा," तो म्हणाला, "आधी हात धू."